निश्चल प्रकाशाची घडण

कारखान्यांत पोलादाचे जाड पत्रे कापणारे फायबर लेझर आज कित्येक किलोवॅटचे असतात. तरीही गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी 200 वॅटचा फायबर अ‍ॅम्प्लिफायर घडवायला जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांना वर्षानुवर्षे खपावे लागले. पत्रा कापायला उष्णता पुरते. वेधशाळेला मात्र एकाच कंपनसंख्येचा आणि तीव्रतेत जराही न थरथरणारा प्रकाश लागतो.

लायगो या अशाच वेधशाळेच्या 4 किलोमीटर लांब भुजांमध्ये गुरुत्वीय लहरीमुळे होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. तो मोजणारे फोटॉन शिस्तीत एकामागून एक येत नाहीत, कसेही येतात, आणि त्या अनियमिततेच्या गोंगाटातच सूक्ष्म लहर बुडून जाते. उपाय म्हणजे फोटॉनच वाढवणे. पण ताकद चौपट केली तरी हा गोंगाट निम्माच होतो. 2015 मध्ये पहिली लहर टिपली गेली तेव्हा भुजांमध्ये सुमारे 100 किलोवॅट प्रकाश आरशांमधून मागेपुढे फिरत होता. त्याची सुरुवात होते ती जेमतेम 2 वॅटच्या लेझरपासून. स्टॅनफर्डमध्ये केन आणि बायर यांनी 1985 मध्ये मांडलेल्या रचनेत प्रकाश एका छोट्या अखंड स्फटिकातच वळसे घेतो, म्हणून त्याची कंपनसंख्या विलक्षण स्थिर राहते. अ‍ॅम्प्लिफायरने ती ताकद वाढवायची आणि ही स्थिरता बिघडवायची नाही. माझ्या मते या यंत्राचे सगळे मोठेपण या दुसऱ्या अटीत आहे.

लायगोत हे काम आजही स्फटिकांचे अ‍ॅम्प्लिफायर करतात. फायबरचे आकर्षण वेगळे: काचेच्या गाभ्यात इटर्बियम मिसळलेले असते, भोवतालच्या आवरणातून 976 नॅनोमीटरचा प्रकाश सोडून त्याला ऊर्जा पुरवली जाते, आणि गाभ्यातून जाणारा 1064 नॅनोमीटरचा किरण ती उचलत पुढे जातो. उष्णता लांबीभर विखुरते. फायबरचे तुकडे वितळवून जोडलेले असल्याने आरसे हलून किरण वाकडा होण्याची भीती उरत नाही. जपानमध्ये डोंगराच्या पोटात असलेल्या काग्रा वेधशाळेने 40 वॅटचा फायबर अ‍ॅम्प्लिफायर वापरलाही.

पण ताकद चढवत गेले की काच स्वतःच आडवी येते. तीव्र प्रकाश काचेत ध्वनिलहर उठवतो. ती लहर पुढे धावणाऱ्या आरशासारखी वागते आणि त्याच प्रकाशाला उलटा परतवू लागते. यालाच उद्दीपित ब्रिल्वाँ विकिरण म्हणतात. कारखान्यातला लेझर यातून सहज निसटतो, कारण त्याचा प्रकाश अनेक कंपनसंख्यांत पसरलेला असतो. इथे सगळी ताकद एकाच कंपनसंख्येत एकवटलेली, म्हणून काचेचा प्रतिसादही एकवटून येतो. परतणारा प्रकाश गोंगाट वाढवतो, आणि फार वाढला तर मागची उपकरणे जाळतो. मग फायबर आखूड करायचा, गाभा रुंद करायचा. पण रुंद गाभ्यात प्रकाश एकाहून अधिक आकारांनी वाहू शकतो, आणि उष्णता वाढली की तो एका आकारातून दुसऱ्यात उड्या मारू लागतो. एक दोष दाबावा तर दुसरा डोके वर काढतो. या चिंचोळ्या फटीतून वाट काढण्यात खरे कसब आहे.

हॅनोव्हरच्या गटाने 2019 मध्ये 200 वॅटचा पल्ला गाठला. पुढे 2021 मध्ये अशा दोन अ‍ॅम्प्लिफायरांचे किरण कला (लहरींचे चढउतार) जुळवून एकत्र केले आणि जवळपास 400 वॅटचा एकच किरण मिळवला. एका फायबरवर सगळा भार टाकण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

असा प्रकाश नव्या वेधशाळांनाही लागेल. महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये मंजुरी दिली. तिच्याही भुजा 4 किलोमीटरच्याच. युरोपातल्या नियोजित आइनस्टाइन टेलिस्कोपची भूक मात्र मोठी आहे. उच्च कंपनसंख्येच्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या त्याच्या उपकरणात सुमारे 500 वॅट प्रकाश सोडायचा आहे, म्हणजे भुजांमध्ये 3 मेगावॅट साठतील. शेजारचे कमी कंपनसंख्येच्या लहरींसाठीचे उपकरण अतिथंड सिलिकॉनच्या आरशांवर चालेल आणि तिथे काही वॅटच पुरतील, कारण जास्त प्रकाश दिला तर त्याच्या दाबानेच आरसे हलतील.