आडगावची नोट

१८०९ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या विधिमंडळाने एक चौकशी समिती नेमली. समितीने ग्लॉस्टर नावाच्या खेड्यातल्या फार्मर्स एक्स्चेंज बँकेची तिजोरी उघडून मोजदाद केली. बँकेच्या नावाने बाजारात फिरणाऱ्या नोटा होत्या सहा लाख डॉलरांच्या आसपास, आणि त्यांच्या बदल्यात द्यायची सोन्याचांदीची नाणी ८७ डॉलरांचीही भरेनात. अमेरिकेत बुडालेली पहिली बँक म्हणून हिचेच नाव सांगतात.

त्या काळी देशात सरकारी कागदी नोट नव्हतीच. संविधानाने राज्यांना नोटा काढायची मनाई केली होती, पण राज्याची सनद घेतलेल्या खाजगी बँकेला ती लागू नव्हती. त्यामुळे जितक्या बँका तितक्या तऱ्हेच्या नोटा. नोटेवर गावाचे नाव, खाली अध्यक्षाची आणि कॅशियरची शाईची सही, आणि वचन असे की नोट आणून दाखवा, नाणी घेऊन जा. सगळी मेख त्या ‘आणून दाखवा’मध्ये होती. बोस्टनच्या दुकानदाराच्या गल्ल्यात ग्लॉस्टरची दहाची नोट आली, तर तेवढ्यासाठी खराब रस्त्याने घोडागाडीत हाडे खिळखिळी करून घ्यायला कोण जाणार? तो ती दलालाला वटाव सोसून विकून टाकी. गाव जितके आडवळणी, तितका वटाव जास्त आणि नोट बँकेच्या दारात परत येण्याची भीती कमी. कागदोपत्री भांडवल काहीही असो, अशा बँकेचे खरे भांडवल म्हणजे तिच्यापर्यंतचा वाईट रस्ता.

हे गणित बोस्टनच्या अँड्र्यू डेक्स्टर या तरुण वकिलाने अचूक ओळखले. त्याला बोस्टनमध्ये एक्स्चेंज कॉफी हाऊस नावाची सात मजली इमारत उठवायची होती. देशात एवढ्या मोठ्या इमारती तेव्हा मोजक्याच होत्या, आणि पैसा लागणार होता अफाट. १८०८ मध्ये त्याने १८०४ ची सनद असलेली ही बँक ताब्यात घेतली. जुन्या संचालकांचे शेअर घेताना त्यांचे पैसेही बँकेच्याच तिजोरीतून चुकते केले. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले पिट्सफिल्ड आणि पार जंगलाच्या कडेचे डेट्रॉइट इथल्या बँकांतही त्याने हातपाय पसरले. एका गावची नोट दुसऱ्या, दूरच्या गावात खपवायची, हा त्याचा धंदा.

समितीच्या हाती लागलेली कागदपत्रे आज वाचताना हसावे की रडावे कळत नाही. डेक्स्टरने स्वतःच्याच बँकेकडून घेतलेल्या कर्जाची मुदत ८ वर्षे आणि व्याज दरसाल २ टक्के. वर अट अशी, की कर्जदाराला स्वतःला योग्य वाटेपर्यंत फेडीचा तगादा लावायचा नाही. तोच सर्वांत मोठा भागधारक, तेव्हा फेड कधी योग्य हे त्यालाच चांगले कळणार! कॅशियर विल्यम कोलवेलला पत्रांवर पत्रे जात: नोटांवर सह्या करत राहा, बँकेच्या वेळेबाहेर करा, कुणाला कळू देऊ नका. कोणी नाणी मागायला आलाच, तर वेळ काढायचा. गंमत म्हणजे या नोटा जेकब पर्किन्सच्या पोलादी ठशांवर छापलेल्या होत्या. नक्कल करणे जवळजवळ अशक्य, अशी त्या ठशांची ख्याती होती. बाहेरच्या चोराचा असा चोख बंदोबस्त झाला होता.

बँक बुडाली तसा डेक्स्टर नोव्हा स्कॉशियाला पळाला. त्याचे कॉफी हाऊस १८१८ मध्ये जळून खाक झाले. तो स्वतः मात्र पुढे अलाबामात उगवला, जमिनी घेतल्या आणि माँटगोमेरी शहराच्या संस्थापकांत जाऊन बसला. तिथला डेक्स्टर ॲव्हेन्यू त्याच्याच नावाचा, आणि मार्टिन ल्यूथर किंग ज्या चर्चचे पाद्री होते तेही त्याच रस्त्यावर आहे. नोटा हातात राहिलेल्या ग्लॉस्टरकरांच्या नावाचा रस्ता कुठे, ते विचारू नये.

वाईट रस्त्याच्या जोरावर चालणाऱ्या या धंद्याला तोड बोस्टनच्या सफोक बँकेने १८२० च्या दशकात काढली. खेड्यातल्या बँकेने सफोककडे ठेव ठेवायची. मग तिच्या नोटा बोस्टनमध्ये पूर्ण किमतीला चालत. खेड्यातल्या बँका चडफडल्या, पण आल्या. इतर राज्यांत मात्र आडरानाचा फायदा घेणे चालूच राहिले. मिशिगनमध्ये १८३७ च्या सैल कायद्याने चाळीसएक बँका उगवल्या. तपासनीस आले की खिळ्यांनी भरलेल्या पिंपावर नाण्यांचा एक थर पसरायचा, आणि तपासणी उरकली की तीच नाणी आडवाटेने पुढच्या बँकेत रवाना करायची.

खरा बदल यादवी युद्धाने आणला. सरकारला युद्धासाठी रोखे खपवायचे होते. १८६३ च्या कायद्याने ठरले, की केंद्र सरकारची सनद घेतलेल्या ‘नॅशनल’ बँकेने सरकारी रोखे वॉशिंग्टनला तारण ठेवायचे आणि त्यांच्या ९० टक्क्यांपर्यंत नोटा मिळवायच्या. पुढच्याच वर्षीपासून प्रत्येक नॅशनल बँकेला दुसऱ्या नॅशनल बँकेची नोट पूर्ण किमतीला घेणे भाग पडले. बँक बुडाली तरी नोटेचे पैसे सरकार देणार होते. राज्यांच्या बँकांच्या नोटांवर १० टक्के कर बसला आणि त्या गुपचूप बाजारातून गेल्या.

नोटेवर गावाचे नाव मात्र राहिले, आणि मला यातला सर्वांत लोभस भाग तोच वाटतो. नोटांचे न कापलेले ताव टपालाने गावी येत. अध्यक्ष आणि कॅशियर त्यांवर टाक बुडवून सह्या करत, मग कात्रीने नोटा कापल्या जात. गावच्या धान्यव्यापाऱ्याला स्वतःच्या सहीचा पैसा बाजारात फिरताना पाहायला मिळे. ही मिजास काही कमी नव्हती. १९०० मध्ये ३,००० पर्यंत वस्तीच्या गावासाठी किमान भांडवल ५०,००० वरून २५,००० डॉलरांवर आणले, तशी ही हौस आणखी लहान गावांत पोहोचली. १९२० च्या दशकात शेतमालाचे भाव कोसळले आणि यांतल्या अनेक बँका बसल्या. ठेवीदारांचे हाल झाले. त्याच बँकेची नोट खिशात असलेला निर्धास्त होता.

१९२९ मध्ये नोटा आकाराने लहान झाल्या आणि सह्याही छापील आल्या. १९३५ मध्ये सरकारने तारणाचे रोखेच परत घेतले, तेव्हा ही छपाई संपली. तोवर १२,००० हून अधिक बँकांनी आपल्या नावाच्या नोटा काढल्या होत्या. त्या कायद्याने आजही चालतात, पण कुणी वाण्याला देत नाही. संग्राहक दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मोजतात. न्यूयॉर्कच्या बड्या बँकेची नोट त्यांना सहज सापडते. बोली चढते ती नकाशात शोधावे लागणाऱ्या गावाच्या नोटेवर.