अडत दुकानातील कारकून ते तेलसम्राट

खनिज तेलाच्या धंद्यात अफाट संपत्ती मिळविणारे अमेरिकेचे जॉन रॉकफेलर मूळचे अडत दुकानातील कारकून. त्यांचा जन्म १८३९ चा. सोळाव्या वर्षी क्लीव्हलंड शहरात ते हिशेबाच्या कामाला लागले. स्वतःचा किरकोळ खर्चही ते वहीत टिपून ठेवत. १८५९ मध्ये त्यांनी भागीदारीत शेतमालाची अडत सुरू केली, १८६३ मध्ये तेल शुद्धीकरणात पैसा घातला आणि १८७० मध्ये स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापन केली.

त्यांच्या यशाची मुख्य कारणे अशी :

१) तेलाची लाकडी पिंपे विकत न घेता स्वतः तयार केली. लाकूड आधी वाळवून आणल्याने वजन व वाहतूक खर्च घटला.

२) त्या काळी रॉकेल काढून उरलेले पेट्रोल अनेक कारखानदार नदीत सोडून देत. रॉकफेलर यांनी ते जळणासाठी वापरले. मेण व वंगणही विकले.

मात्र रेल्वेभाड्यात गुप्त सवलती मिळवून त्यांनी लहान कारखानदारांना जेरीस आणले. ते एकेकटे असल्याने टिकले नाहीत. अखेर १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कंपनीचे ३४ तुकडे झाले.

यातून आपण काय घ्यावे? तेलघाणा किंवा डाळ मिल चालवताना पेंड, चुनी, टरफले यांचाही हिशेब ठेवावा. आणि मालाची वाहतूक व विक्री एकेकट्याने न करता गटाने करावी.