उत्तम व्यवसायोपचारतज्ज्ञ कोणास म्हणावे?

व्यवसायोपचार या शब्दातील ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ पोटापाण्याचा धंदा नव्हे. स्नान करणे, सदऱ्याची बटणे लावणे, भाकरी थापणे, मुलांचे खेळणे-लिहिणे ही सर्व दैनंदिन कर्मे त्यात येतात. आजार, अपघात वा जन्मजात व्यंग यांमुळे हरवलेली ही कर्मे रुग्णाला पुन्हा करता यावीत, यासाठीच हे शास्त्र आहे.

भारतात त्याचा पाया कमला निंबकर यांनी घातला. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाताई विवाहानंतर येथेच स्थायिक झाल्या. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. पुढे १९५८ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झाले. मौदा तालुक्यातील रुग्णांना त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

उत्तम तज्ज्ञाची पहिली खूण म्हणजे त्याचा प्रश्न. ‘हात किती उचलता येतो?’ एवढ्यावर तो थांबत नाही. ‘तुम्हाला कोणते काम पुन्हा करावयाचे आहे?’ असेही तो विचारतो. मौद्यातील एखाद्या धानउत्पादक शेतकऱ्याला लकवा झाला, तर त्याला बांधावरून तोल सांभाळून चालायचे असेल. एखाद्या मातेला चुलीपुढे बसायचे असेल. उपचार त्यानुसार ठरतात.

दुसरी खूण निरीक्षणाची. घराचा उंबरठा, शौचालय, पाण्याचा हंडा यांची तो चौकशी करतो. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करणे, सदरा घालताना दुर्बल हाताची बाही प्रथम चढविणे, काढताना ती शेवटी काढणे, असे साधे मार्ग तो दाखवितो. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हातांना गरम भांड्यापासून जपण्यासही शिकवितो.

तिसरी खूण सर्वांत कठीण: हात आवरण्याची. रुग्ण पाच मिनिटे एका बटणाशी झगडत असता मदतीची घाई न करणे, यास मोठा संयम लागतो. कुटुंबीयांनाही तो हेच शिकवितो. प्रेमापोटी आपण रुग्णाला घास भरवितो, कपडे घालतो. पण जे त्याला जमण्यासारखे आहे तेही आपणच केले, तर त्याची उरलेली शक्ती आणि आत्मविश्वास दोन्ही क्षीण होतात.

आपल्या धर्मग्रामातील आजाऱ्यांना भेटावयास जाताना त्यांची विचारपूस आपण करतोच. त्यांना स्वतःच्या हाताने काय करावेसे वाटते, हेही अवश्य विचारावे.