वाळूतली वाटी : मेटल डिटेक्टर, त्याची कॉइल आणि मुंबईची जमीन

शेजारच्या वहिनींचे मंगळसूत्र गोराईच्या किनाऱ्यावर हरवले. आदल्या संध्याकाळी त्या मुलांना घेऊन वाळूत बसल्या होत्या. खाडी ओलांडून बोरिवलीला घरी पोहोचल्यावर गळा रिकामा असल्याचे लक्षात आले. माझ्याकडे हौसेने घेतलेला मेटल डिटेक्टर आहे, हे सोसायटीत सर्वांना ठाऊक होते. सकाळी मी जवळची सर्वांत मोठी, १५ इंची कॉइल लावली, संवेदनशीलता शेवटच्या आकड्यावर नेली आणि पलीकडे गेलो. दोन तास यंत्र अखंड किंचाळत राहिले. हाती आली ती बाटल्यांची बुचे, गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद आणि गंजके खिळे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी सहा इंची कॉइल घेऊन गेलो, संवेदनशीलता निम्म्यावर आणली आणि पाऊण तासात काम झाले. यंत्र तेच, वाळू तीच. मग बदलले काय?

यंत्र नेमके काय ऐकते?

डिटेक्टरच्या टोकाला असलेल्या गोल तबकडीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सोडला की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि ते स्वतःचे छोटे क्षेत्र उलट पाठवतात. दुसरे वेटोळे हे उत्तर ऐकते. उत्तर किती जोरात आले यावरून वस्तूचा आकार व खोली यांचा अंदाज येतो आणि ते किती उशिरा आले यावरून धातूचा.

हे उत्तर फार झपाट्याने क्षीण होते. चुंबकीय क्षेत्र जाताना अंतराच्या घनाने घटते आणि परत येताना पुन्हा तसेच. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू दूर असेल, तर खोली दुप्पट झाली की उत्तर सुमारे चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. म्हणूनच संवेदनशीलतेचा खटका कितीही पुढे ढकलला तरी खोली दोन-चार बोटेच वाढते. खरखर मात्र भरपूर वाढते.

नको असलेला धातू किती घात करतो, याचा जुना दाखला १८८१ मधला आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल असेच एक यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शरीराची जी बाजू तपासू दिली, तिथे गोळी नव्हतीच. आपल्या उपनगरांतली बहुतेक मोकळी जागा ही अशी स्प्रिंगांची गादीच आहे. भरावाची माती, बांधकामाच्या सळ्यांचे तुकडे, खिळे, बुचे. एखाद्या मोठ्या खिळ्याशेजारी अंगठी पडली असेल, तर खिळ्याच्या आवाजात तिचा आवाज बुडून जातो.

कॉइल : लहान की मोठी?

मोठी कॉइल खोलवर पाहते, पण एकाच वेळी फार जागा पाहते. तिच्याखाली पाच वस्तू असतील तर पाचांचे उत्तर एकत्र कालवून येते. जमिनीचे स्वतःचे उत्तरही ती अधिक गोळा करते, आणि बारीक वस्तू तिच्या नजरेतून निसटते. लहान कॉइल खोली गमावते, पण एका वेळी एकच वस्तू दाखवते. ढोबळ हिशेब असा, की नाण्याएवढी वस्तू कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत जेमतेम कळते. आदल्या दिवशी कोरड्या वाळूत पडलेला दागिना कोपरभर खोल गेलेला नसतो, बोटभर गेलेला असतो. त्याला सहा इंच पुरेसे आहेत. पंधरा इंची कॉइल मोकळ्या, कचरा नसलेल्या शेतजमिनीसाठी ठेवावी.

आकाराइतकाच रचनेचाही प्रश्न आहे. एका वर्तुळात दुसरे वर्तुळ अशी जुन्या पद्धतीची कॉइल जमिनीत शंकूसारखी पाहते. वस्तूची जागा ती नेमकी दाखवते, पण लोहयुक्त जमिनीत गोंधळते. इंग्रजी ‘डी’ अक्षराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर ठेवली की ‘डबल डी’ कॉइल होते. ती मधल्या रेषेखाली सुरीच्या पात्यासारखी अरुंद पट्टी पाहते, म्हणून जमिनीचा त्रास तिला कमी होतो. मुंबईसाठी एकच कॉइल घ्यायची झाली तर लहान डबल डी घ्यावी, असे माझे मत आहे.

काळा कातळ आणि खारे पाणी

या मताचे कारण आपल्या पायाखाली आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे उभे स्तंभ. उपनगरांचा बराचसा पाया याच काळ्या खडकाचा आहे. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते आणि खडक झिजला की त्याचे कण माती-वाळूत उतरतात. पिशवीत गुंडाळलेला चुंबक काळपट वाळूतून फिरवून पाहावा. बाहेरून काळी भुकटी चिकटली, तर डिटेक्टरला त्रास कशाचा होतो ते डोळ्यांना दिसते.

दुसरीकडे खारे पाणी. मुलुंड-भांडुपची मिठागरे असोत की गोराई-वर्सोव्याची ओली वाळू, मिठाचे पाणी वीज वाहून नेते, म्हणून तेही धातूसारखे उत्तर देते. लोहखनिजाचे उत्तर एका तऱ्हेचे, मिठाचे दुसऱ्या. एकाच वारंवारतेवर चालणारे यंत्र यांपैकी एकालाच गप्प बसवू शकते. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रे दोन्ही सांभाळतात. विजेचे झटके सोडून उत्तर ऐकणारी ‘पल्स’ यंत्रे खनिजाला फारशी दाद देत नाहीत, पण धातूधातूंतला फरकही त्यांना नीट सांगता येत नाही. कचऱ्याच्या किनाऱ्यावर प्रत्येक बूच खणत बसावे लागते. साध्या यंत्रवाल्याने भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत राहावे. माणसे बसतात ती तिथेच.

दागिना कसा बोलतो?

भोवरी प्रवाहाला फिरायला अखंड वाट लागते. अखंड अंगठी म्हणून खणखणीत बोलते. तीच तुटलेली असली की पुटपुटते. मध्ये फट असलेल्या जोडव्यांचे तसेच. साखळी तर त्याहून अवघड, कारण यंत्राला ती एक वस्तू वाटत नाही, एकेक कडी वेगळी दिसते आणि कडी अगदी चिमुकली. मंगळसूत्रात काळे मणी बारीक तारेत ओवलेले. यंत्राला दिसतात त्या फक्त दोन वाट्या. बारीक सोन्यासाठी १५ किलोहर्ट्‌झ किंवा त्याहून अधिक वारंवारता बरी, चांदी-तांब्याच्या जाड वस्तूंसाठी त्याहून कमी.

इथेच ‘छाननी’चा खटका फसवतो. बारीक सोने आणि चंदेरी कागद यंत्राच्या आकड्यांवर जवळजवळ एकाच जागी येतात. कागद गाळला की सोनेही गेले. परदेशी पुस्तिका लोखंड गाळायला सांगते, तेही आपल्याकडे जपून. १९८८ पासून १०, २५ व ५० पैशांची आणि १९९२ पासून रुपयाची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची निघाली. ती खिळ्यांच्या रांगेत जातात, नाहीतर वर-खाली उड्या मारणारा आकडा दाखवतात.

खटक्यांचा क्रम

प्रथम मोबाइल दूर ठेवावा. मग कॉइल हवेत धरून संवेदनशीलता हळूहळू वाढवावी आणि खरखर सुरू झाली की दोन पायऱ्या मागे यावे. घाटकोपर-मुलुंडला रुळांलगतच्या मैदानात लोकलच्या २५ हजार व्होल्टच्या तारा आणि गाड्यांची यंत्रणा यांची कुरकुर ऐकू येते. तिथे यंत्राची वारंवारता किंचित सरकवून पाहावी. त्यानंतर जमिनीशी जुळवणी : धातू नसलेली जागा शोधून कॉइल खाली-वर करावी आणि आवाज एकसारखा होईपर्यंत जुळवावे. छाननी सर्वांत शेवटी, आणि शक्य तेवढी कमी. कॉइल जमिनीला समांतर, सावकाश फिरवावी. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली असावी.

सापडले तर?

१८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेले, मालक अज्ञात असलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर या संरक्षित लेण्यांच्या आसपास डिटेक्टर नेऊच नये. तिथे खणायला परवाना लागतो. यामागे नुसता कायदा नाही. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती आणि सातवाहनांचे एक चांदीचे नाणे मिळाले. कोणती वस्तू कुठे होती याची नोंद झाली, म्हणून त्या नाण्यावरून काळाचा अंदाज बांधता आला. तेच नाणे कोणी उपटून खिशात घातले असते, तर उरली असती ती चांदी.

सार्वजनिक किनाऱ्यावर जाण्याआधी पोलीस ठाण्यात सांगून ठेवावे, खड्डे बुजवावेत आणि निघालेला कचरा बरोबर न्यावा.

गोराईला दुसऱ्या दिवशी कॉइलखाली एक अगदी लहान, पण प्रत्येक फेरीत तसाच येणारा आवाज आला. आदल्या दिवशी तो चंदेरी कागदाचा समजून मी सोडून दिला असता. चार बोटे वाळू बाजूला केली तर एक वाटी दिसली, तिच्याजवळ दुसरी. बाकीचा सर हाताने चाळून काढावा लागला. यंत्र त्यावर शेवटपर्यंत गप्पच होते.