मुलीची नोकरी आणि मुलांची अडलेली लग्नं

"पोरी कमवायला लागल्या, आता त्यांना नवरा कशाला लागतो? म्हणून आमची पोरं बसलीत बिनलग्नाची." तुळशीच्या लग्नापासून हे वाक्य मी पाच-सहा वेळा तरी ऐकलंय. सिडकोतल्या एका वधू-वर मेळाव्यात ऐकलं, पैठणला साखरपुड्याच्या पंगतीत ऐकलं आणि परवा एका शिकल्यासवरल्या प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकलं. कुणी हरकत घेत नाही, सगळे माना डोलावतात. त्याचाच जास्त राग येतो.

मुळात मुली आहेत किती? 2011 च्या जनगणनेत आपल्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 858 मुली होत्या. शेजारच्या बीडमध्ये 2001 साली 894 होत्या, त्या दहा वर्षांत 807 वर आल्या. निसर्गाच्या हिशेबाने हा आकडा साडेनऊशेच्या आसपास असायला हवा. त्यात आपल्याकडे नवरा चार-पाच वर्षांनी मोठा लागतो. म्हणजे 2001 च्या मोजणीतली मुलं आज लग्नाला उभी आहेत आणि त्यांच्यासाठी मुली शोधायच्या त्या त्यांच्यानंतर जन्मलेल्या, संख्येने आणखी घटत गेलेल्या पिढीतून. ज्या मुलींना जन्मच मिळाला नाही, त्यांच्या नोकरीला दोष कसा देता? डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. त्यांनी बोट ठेवलं ते गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या ढिल्या अंमलबजावणीवर. त्या मुलांना जे दिसलं, ते पंगतीतल्या काकांना दिसत नाही.

दुसरं कारण आहे नोकरीच, पण मुलाची. कोरडवाहू जमीन वाटण्या होऊन दोन-तीन एकरांवर आलेली, पाऊस बेभरवशाचा. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीत लागला तर कंत्राटी, आज आहे उद्या नाही. मुलीचा बाप 'स्थिर नोकरी' विचारतो, कारण आपण काय भोगलंय हे त्याला माहीत असतं. या अपेक्षेला मुलींचे नखरे म्हणणं हा अन्याय आहे.

बरं, मुली लग्न टाळताहेत, हे तरी खरं आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) वीस ते चोवीस वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या मुलींना विचारलं गेलं. अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण परभणीत 48 टक्के निघालं, बीडमध्ये 43.7 टक्के. यातल्या किती जणींना नोकरीचा अर्ज भरण्याइतकी तरी सवड मिळाली असेल?

आणि बाईने काम केलं की लग्न लांबतं, हा नियम आपल्याच मातीत उलटा पडतो. ऊसतोडीत मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी अर्धा कोयता. मग हंगाम तोंडावर आला की घाईने लग्नं उरकली जातात. इथे मुलीचे कामाचे हातच तिचं लग्न लवकर ओढून आणतात.

परदेशातला दाखला देणारेही भेटतात. बाई कमावती झाली की तिला लग्नाचा फायदा कमी वाटतो, अशी मांडणी अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1981 मध्ये केली होती, हे खरं. पण समाजशास्त्रज्ञ मेगन स्वीनी यांच्या 2002 च्या अभ्यासात अमेरिकेतल्या नंतरच्या पिढीत जास्त कमावणाऱ्या स्त्रियांची लग्नं होण्याची शक्यता उलट वाढलेली दिसली.

बायका, नोकरी आणि लग्न यांबद्दल आणखीही काही वाक्यं सर्रास ऐकू येतात. "हल्ली सगळ्याच बायका नोकरी करतात." सरकारी श्रमबळ सर्वेक्षणात स्त्रियांचा सहभाग 2017-18 मधल्या 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला, पण ही वाढ मुख्यतः खेड्यातली आहे आणि त्यात घरच्या शेतात, घरच्या दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत.

"लग्न झालं की कंपनी काढून टाकू शकते." मुंबईतल्या एका औषध कंपनीचा असा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्येच अन्याय्य ठरवला.

"लिव्ह-इनमध्ये राहिली तर कायदा तिच्या बाजूने नसतो." असतो, विवाहासारख्या नात्यातल्या स्त्रीला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण आहे.

"बायका नोकरी सोडतात ती मुलंबाळं झाल्यावर." यावर मात्र थोडं थांबायला हवं. जागतिक बँकेच्या ऑक्टोबर 2024 च्या दक्षिण आशिया अहवालानुसार भारतात लग्नानंतर स्त्रियांच्या रोजगाराचं प्रमाण 12 टक्के-बिंदूंनी घसरतं, आणि मूल नसलं तरीही घसरतं. पुरुषांचं त्याच वेळी वाढतं. म्हणजे नोकरीने लग्न मोडत नाही, लग्नाने नोकरी सुटते. संशोधक दिवा धर यांनी विवाहजुळणीच्या एका संकेतस्थळावर केलेल्या प्रयोगात, कधीच नोकरी न केलेल्या मुलींच्या तुलनेत नोकरदार मुलींना स्थळांकडून 15 ते 22 टक्के कमी प्रतिसाद आला. पाठ फिरवतंय कोण, ते इथे दिसतं.

सिडकोतल्या त्या मेळाव्यात परिचयपत्रं माइकवरून वाचली जात होती. बी.कॉम., बी.फार्म., एम.एस्सी. झालेल्या मुली, आणि पुढे एक ओळ पुन्हा पुन्हा ऐकू येत होती: 'नोकरी सुरू आहे, लग्नानंतर सासरच्यांच्या इच्छेप्रमाणे.' मुलांच्या एकाही परिचयपत्रात ती ओळ नव्हती.