कार्तिकाचे जुने नाव ‘ऊर्ज’

शरद ऋतूचे दोन मास वैदिक वाङ्मयात ‘इष’ आणि ‘ऊर्ज’ या नावांनी ओळखले जातात. इष म्हणजे आश्विन, ऊर्ज म्हणजे कार्तिक. यजुर्वेदाच्या आरंभीच हे दोन शब्द जोडीने येतात. अन्न, आणि त्या अन्नातून अंगी येणारा रस व बळ, असा त्यांचा अर्थ. भंडारा जिल्ह्यातील वाचकांना हे निराळे समजावून सांगावयास नको. आश्विन सरता सरता बांधीतील हलके धान पिवळे पडते, दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू होते आणि गावोगावच्या मंडईला रंग चढतो तो याच ऊर्ज मासात.

इंग्रजी ‘एनर्जी’ला आपण आज ‘ऊर्जा’ म्हणतो, ती याच कुळातली. इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ॲरिस्टॉटलच्या ‘एनर्गेइया’त ‘कार्यात असणे’ हा भाव होता. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने तो शब्द पदार्थविज्ञानात आणला. त्याची व्याख्याने १८०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे कार्य करण्याची, ज्युलमध्ये मोजता येणारी क्षमता, एवढाच नेमका अर्थ उरला. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाशी वैनगंगेचे पाणी चक्र फिरविते आणि वीज होते, ते या ऊर्जेचे रूपांतर.

मोहाडीच्या चौंडेश्वरीचे दर्शन घेऊन परतणारी तरुण मंडळी मात्र अलीकडे ‘तेथे पॉझिटिव्ह एनर्जी मिळते’ असे म्हणू लागली आहेत. भाव निर्मळ आहे; शब्द तोकडा आहे. शास्त्राच्या लेखी ऊर्जा भली नसते, बुरीही नसते. घर उजळविणारी आणि घर जाळणारी ती एकच. शालेय पुस्तकांत तर ‘शक्ती’ हा शब्दही ‘पॉवर’साठी, म्हणजे कार्याच्या दरासाठी राखलेला आहे! घटापुढे आपण जिला शक्ती म्हणून हाक मारतो, ती दर नव्हे, परिमाण नव्हे. ती आई आहे. तिच्यावर रुसता येते, तिला नवस बोलता येतो, तिच्यापाशी अपराधाची क्षमा मागता येते. ऊर्जेपाशी यांतले काय मागावे?

‘ऊर्जा’ म्हणावयाचेच असेल तर नव्या तांदळाच्या नैवेद्याला म्हणावे. वेदातला मूळ अर्थ तेथे तंतोतंत बसतो, आणि त्या भातातील ऊर्जा ज्युलमध्ये मोजताही येते.