क्लॉट झालंय, पुन्हा पाठवा

एमबीबीएसची साडेचार वर्षं संपली की विद्यार्थ्याच्या हातातलं पुस्तक जातं आणि ट्रे येतो. त्यात सिरिंज, सुया, कापूस, स्पिरिट, चिकटपट्टी आणि रक्ताच्या नमुन्यांसाठीचे रंगीत झाकणांचे बल्ब. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पुढचे बारा महिने सक्तीच्या इंटर्नशिपचे. ती झाल्याशिवाय डॉक्टर म्हणून कायमची नोंदणी होत नाही. वॉर्डात सगळ्यांत नवखा इंटर्नच. आणि रक्त काढणं, सलाईन लावणं, रिपोर्ट आणणं ही दिवसभर चालणारी कामंही त्याचीच. अशा वाटणीत रोज चार-दोन फजित्या ठरलेल्याच.

कोराडीहून नागपूरला जाणाऱ्या इंटर्नची पहिली फजिती घरीच होते. गावाला लागून औष्णिक वीज केंद्र, तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच. वाऱ्याची दिशा बदलली की गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या एप्रनवर राखेची बारीक कणी बसते. ती झटकली तर पसरते, ओल्या हाताने पुसली तर डाग पडतो. नवरात्रात गावातल्या जगदंबेच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीत बस अडकली, की डाग पडलेल्या एप्रनसोबत उशीरही हजर.

वॉर्डात पोचल्यावर आधी सॅम्पल. काम साधं दिसतं, पण प्रत्येक बल्बची तऱ्हा वेगळी. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. रक्त भरल्यावर तो हलकेच आठ-दहा वेळा उलटा-सुलटा करावा लागतो. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या आजींची सलाईन संपते, इंटर्न तिकडे धावते आणि बल्ब ट्रेमध्ये तसाच पडून राहतो. तासाभराने प्रयोगशाळेतून निरोप येतो, ‘क्लॉट झालंय, पुन्हा पाठवा.’ निळ्या झाकणाच्या बल्बला खुणेपर्यंतच भरायचं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. रक्त कमी पडलं तर गोठण्याचा वेळ खोटाच वाढलेला दिसतो. दुसऱ्यांदा सुई टोचायला गेलं की रुग्ण म्हणतो, ‘बाप्पा, सकाळीच तर नेलं ना जी रक्त!’ त्याचंही बरोबरच असतं.

सगळ्यांत जास्त धावपळ पोटॅशियम करवतं. सर्वसाधारण पातळी साधारण ३.५ ते ५. रिपोर्टवर सातच्या वरचा आकडा दिसला की रेसिडेंट डॉक्टर हातातलं काम टाकून ईसीजी काढायला सांगतात, कारण खरोखर एवढं पोटॅशियम असेल तर हृदय बंद पडू शकतं. ईसीजी मात्र शांत, रुग्ण चहा पितोय. मग शोध सुरू होतो तो बल्बचा. पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असतं. सिरिंजचा दट्ट्या जोर लावून दाबला, बल्ब खळखळा हलवला, की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. दंडाचा पट्टा फार वेळ आवळून रुग्णाला मूठ उघड-मीट करायला लावली, तरी आकडा चढतो. कधी घाईत जांभळ्या बल्बमधलं थोडं रक्त साध्या बल्बमध्ये ओतलेलं असतं. ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. त्यामुळे पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला, असा रिपोर्ट दिसताच अनुभवी तंत्रज्ञ विचारतो, ‘मॅडम, एका बल्बातून दुसऱ्यात टाकलं का?’

दुपारी गडबड होते ती नावांची. एकाच वॉर्डात एकाच आडनावाचे, एकाच वयाचे दोघे असणं नवीन नाही. रक्त देण्याआधीच्या जुळवणीसाठी पाठवायच्या सॅम्पलवर चुकीचं लेबल गेलं तर ती फजिती राहत नाही, जीवाशी खेळ होतो. म्हणून लेबल खाटेजवळच लिहायचं आणि नाव रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यायचं. ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारलं तर गुंगीतला माणूस कशालाही होकार देतो.

आणि मग सुई. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण बसवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुयांसाठी सुई आरपार जाणार नाही असा पांढरा डबा ठरलेला आहे. तो वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असला की हात टोपणाकडे जातो आणि टोचतं. बोट चोखायचं नाही, दाबून रक्त काढायचं नाही; साबण आणि पाण्याने धुवायचं आणि लगेच कळवायचं. ठरलेला हिशेब असा: सुई बाधित रुग्णाची असेल तर एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के, हेपेटायटिस सीचा ३ टक्क्यांच्या आसपास, आणि लस न घेतलेल्याला हेपेटायटिस बीचा ३० टक्क्यांपर्यंत. एचआयव्ही टाळण्याची गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायची असते. वेळ जातो तो ‘सर रागावतील’ या भीतीत. इंटर्नच्या साऱ्या फजित्यांत लपवण्यासारखी वाटणारी हीच, आणि लपवली तर महागात पडणारीही हीच.

संध्याकाळी कोराडीला परतल्यावरही सुटका नाही. जिना चढून आलेल्या शेजारच्या काकू लगेच दंड पुढे करतात, ‘बीपी पाहून दे ना व बेटा.’ दमलेली इंटर्न तिथेच मोजते, आकडा १६० निघतो आणि घरभर काळजी पसरते. खरं तर पाच मिनिटं टेकून बसवायला हवं होतं, हात हृदयाच्या पातळीवर हवा होता, आणि जाड दंडाला मोठा पट्टा. लहान पट्ट्यावर बीपी जास्तच दिसतं. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं की आकडा उतरतो, पण काकूंचा विश्वास पहिल्याच आकड्यावर.

तुमचं कोणी दवाखान्यात भरती असेल आणि इंटर्न दुसऱ्यांदा रक्त घ्यायला आली, तिसऱ्यांदा नाव विचारू लागली, तर चिडू नका. पूर्ण नाव, वय आणि खाटेचा नंबर सांगा, आणि बल्बवर तेच लिहिलंय का, हे स्वतः वाचून घ्या.